सातवा गडी

लातूर जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ मात्र जुनाच होता. अहमदपुरात लेकीकडं आलेली धुरपताबाई टँकरच्या रांगेत घागर धरून बसली होती. पुढं बसलेले दोन म्हातारे नव्या जिल्ह्याचा आजवरचा सगळ्यात भारी कबड्डीचा संघ निवडत होते. सहा गडी ठरले होते.

"सातवा किनगावचा हणमंतू. लिहून घ्या, व्यंकटराव."

आपल्या गेलेल्या नवऱ्याचं नाव निघालं तशी धुरपताबाईनं कान दिला.

"न्हाई साहेबराव. त्यो जन्मानं कंधारचा. म्हंजे नांदेड जिल्हा."

"अवं, पण उभी हयात किनगावकडून खेळला की!"

"घरजावई व्हता म्हणून. बायकोच्या गावात राहून माणूस तिथला व्हतो व्हय?"

धुरपताबाईला राहवलं नाही.

"का वो दादा, तुमची कारभारीण कुठली?"

"आमची? लोह्याची."

"मग ती नांदेडची का लातूरची?"

"आता लातूरचीच की, आक्का. हितं नांदून जलम गेला तिचा."

"बाई नांदली तर सासरची, अन् बाप्या नांदला तर पाव्हणा?"

"बोला आता, व्यंकटराव!"

"काय बोलू? घ्या बाबा हणमंतूला. आक्का, कबड्डीतलं लई कळतं की तुमाला!"

"मला काय कळतंय? मालक खेळून आले की फुटलेल्या गुडघ्याला हळद लावायची, एवढंच माझ्याकडं व्हतं."