चेहरा माझा आहे

विमानतळावर तपासणीच्या रांगेत एका नर्सला पुढच्या बापलेकीचं बोलणं ऐकू येत होतं.

“कॅमेऱ्यात बघ की. सगळे बघतायत.”

“नको बाबा. पाटीवर लिहिलंय, नको असेल तर सांगा.”

“कर नाही त्याला डर कशाला?”

“डर नाही. चेहरा माझा आहे.”

“लहानपणी तुझे किती फोटो टाकले मी फेसबुकवर!”

“आई गेली तेव्हा मी रडत होते, तो फोटोही टाकलात.”

“लोकांनी केवढा धीर दिला!”

“तुम्हाला. मला वर्गात तो दाखवून चिडवायचे.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

तपासनीस म्हणाला, “ताई, फोटो काढू का?”

“नको.”

“बरं. ओळखपत्र दाखवा.”

लेक पलीकडे गेली.

“काका, वर बघा.”

बापाची मान काही वर होईना. तो बाजूला सरकला.

“तुम्ही व्हा पुढे,” तो नर्सला म्हणाला.