नाल्यावरचा नवा पूल

बपेऱ्याहून तुमसरला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर टिकाराम सरपंच बसले होते. शेजारी त्यांच्याच गावच्या धुरपताबाई होत्या.

"काकी, नाल्यावर पूल मंजूर झाला! नकाशा कंपनीचा, गिट्टी-सिमेंट कंपनीचं अन् पैसाही कंपनीच लावते."

"फुकट?"

"उधार. सरकार हप्त्यानं फेडन."

"नकाशा बरोबर हाये का, हे कोण पाहीन?"

"कंपनीचाच इंजिनिअर."

"म्हणजे नवरदेवच भटजी, अन् पोरीचा बापही तोच!"

"काकी, त्यानं काम लवकर होते."

"माझ्या शेताजोळ होते ना? लावणीसाठी धानाचे पऱ्हे डोक्यावर घेऊन दरसाल कमरेएवढ्या पाण्यातून जाऊन राहिली मी."

"तिथं नाही होत. तिथली माती नरम निघाली."

"कोणं तपासली?"

"कंपनीनं. मंग त्यायनंच चांगली जागा शोधली, दोन कोस वर."

"तिथं तं त्यायची गिट्टीची खदान हाये!"

"म्हणून तं जागा पक्की हाये."

"अन् तू पाहून सही केली?"

"कागद इंग्रजीत होता, काकी. त्यायच्याच माणसानं वाचून दाखवला. लय चांगला वाचे."

"मंग मी शेतात कशी जाऊ?"

"थेही इचारलं मी. सायब म्हणे, तुमच्या शेताजोळ दुसरा पूल मांगा. पैसा आमीच लावतो."

"अन् तवा तिथली माती कडक निघन?"

"निघन म्हणे."