मंडपाचे दिवे

कीर्तनासाठी एरंडोलला निघालो होतो. पारोळ्याच्या स्टँडवर रांगेत माझ्यापुढे एक कॉलेजातली मुलगी आणि तिच्या गावच्या सप्ताहाचे प्रमुख, गिरधरनाना, बोलत उभे होते.

“नाना, कीर्तन संपलं की मंडपाचे हॅलोजन बंद करा. पाचच रात्री.”

“कामिनी, सप्ताहमा अंधार? लोके काय म्हनतीन?”

“त्या उजेडात माझ्या दुर्बिणीला ती दीर्घिका दिसत नाही. मधे ताऱ्यांचा दांडा, नि त्याच्या दोन टोकांपासून वळलेले दोन हात.”

“सप्ताह झाया का देख मग. ती कोठे पयी जाई ऱ्हायनी?”

“तिच्या एका हातात तारा फुटलाय. रोज फिका पडतोय. मी त्याचं तेज मोजून पुण्याला पाठवते. मधल्या रात्री हुकल्या तर आतापर्यंतचं मोजणं वाया.”

“नि वीणावाला अंधारमा उभा ऱ्हाई का?”

“त्याच्याजवळ लाल बल्ब लावते. त्याचा दुर्बिणीला त्रास नाही.”

“दुर्बीण किती येळ चालस?”

“एक ते चार. दर दोन मिनिटांनी फोटो, मग सगळे एकावर एक रचायचे.”

“तवलग तू काय करस?”

“काही नाही. मोटर फिरवते तिला. मी बसते.”

“बसस?”

“हो.”

“वीणा सात दिन खाले ठेवतस नही, माहीत शे ना तुले? दोन ते चारना पहाराले बठ्ठा गावमा एक माणूस भेटस नही.”

“नाना, सकाळी कॉलेज असतं मला.”

“तारा फिका पडी ऱ्हायना म्हणे.”

गाडी लागली. नानांनी पिशवीतून पहाऱ्याची यादी काढली.

“पाची राती तुनं नाव लिखू का?”

“लिहा. पण कीर्तनाची आरती झाली की दिवे बंद.”