फळा पुसायचा न्हाई

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, इस्लामपूरच्या अलीकडं, उसाच्या पट्ट्यातलं गाव, पण ऊस दुसऱ्यांचा, आमच्या वाट्याला त्यातली खुरपणी. वडील अंगठा उठवणारे, पण डोकं लय तल्लख, आन् त्यांनी एकच ध्यास घेतल्याला, पोरगी फायनल झाली पायजे. सातवीच्या परीक्षेला तवा फायनल म्हणायचे, ती झाली की मास्तरकी मिळायची. मी फायनल झाले, नोकरी लागली, आन् त्याच सुमाराला आमच्या सगळ्या वस्तीनं दीक्षा घेतली. घरातले देव वडलांनी स्वतः नेऊन नदीत सोडले. आई जरा रडली, पण दुसऱ्या दिवशी म्हनली, देव्हाऱ्याची फळी मोकळी झालीया, तितं आता हिची पुस्तकं ठेवा. अशी माझी आई.

पयली नेमणूक मेढ्याकडं डोंगरात. तितं मला खोली कुणी देईना. म्हंजे तोंडावर न्हाई कुणी म्हणायचं, लय गोड बोलायची माणसं, कुणाची किल्ली सापडंना, कुणाकडं पाव्हणं येणार, कुणाची भिंत पडाय आल्याली. शेवटी मी शाळंतच र्‍हायले, पोरं गेली की वर्ग झाडायचा आन् तितंच चूल मांडायची. एक म्हातारी हुती, मी तिच्या नातवाला घरापतूर पोचवून आले की माझ्या मागं दारात तांब्यानं पाणी शिंपडायची. नातू माझ्याकडं बगून हसायचा आन् म्हातारी पाणी शिंपडायची. काय करणार. आमच्या मालकांची मिल्ट्रीत नोकरी, ते तिकडं सरहद्दीला, मी हिकडं, पोरगा माझ्या पदराला, असं सगळं आयुष्य बदल्या करत गेलं. शेवटची बदली पाटणला झाली आन् तितंच मी रिटायर झाले. सगळी वर्षं वर्गात आहे, नाही, आम्ही, तुम्ही असं शुद्ध बोलले, आन् रिटायर झाले त्याच दिवशी म्हनलं आता बास, आता मी माझ्या आईगत बोलणार. तवा तुमी काय ल्ह्यायचं ते ल्ह्या, पण माझं शुद्ध करू नका.

मालक वारले, पोरगा पुण्याला. तो म्हणतो हिकडं या. मी म्हनलं, तितं गॅलरीत बसून मी काय करू, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चुका काढू? त्यापरास पाटण बरं. बाजारच्या दिवशी एस.टी. स्टँडजवळच्या चा-पाण्याच्या दुकानात आमी रिटायर मास्तर लोकं जमायचो. मी, देसाई गुरुजी आन् माने गुरुजी. देसाई गुरुजी म्हंजे जमीनजुमला असल्यालं मराठा घर, धोतर, पांढरी टोपी, आन् आवाज असा की दुकानवालाबी दचकून बगायचा. माने गुरुजी त्यांचे सख्खे भाचे, ते आमच्यात सगळ्यात मागनं रिटायर झाल्याले, गरीब माणूस, मामाच्या फुडं तोंड उघडायचे न्हाईत.

एका बाजारला देसाई गुरुजींचं नेहमीचंच चालल्यालं, हल्लीच्या मास्तरांना शिकवाय येत न्हाई, पोरांचा पाया कच्चा, आमच्या वेळंला असं आन् आमच्या वेळंला तसं, आन् आमी दोघं व्हय व्हय करतोय. शेजारी सरूबाई बसल्याली. सरूबाई म्हंजे वरच्या डोंगरावरच्या धनगरवाड्यातली, म्हशी राखणारी माणसं ती, बाजारला तूप घेऊन यायची. काटक बाई, नवरा वारल्याला. तिनं आमचं सगळं ऐकून घेतलं, उठली, पदर खोचला आन् म्हनली, गुरुजी, आवं हितं चा पीत कुणाचा पाया बांधताय? आमच्या वाड्यावरच्या मास्तराची पावसाळ्यात बदली झाली, नवा अजून काय आला न्हाई, पोरं नुसती उंडारत्यात. वर या की. माझी ठकू चौथीत हाय.

आन् मंग तिनं खरं दुखणं सांगितलं. वरची शाळा चौथीपतूर, पाचवीला खाली पाटणच्या हायस्कुलात जावं लागतंय, आन् तितले हेडमास्तर पोराला वाचाय लावून, गणितं घालून बगितल्याशिवाय घेत न्हाईत. सरूबाईच्या दिरानं सांगून ठेवल्यालं की यंदा हायस्कुलानं घेतली तर जाऊ दे पोरगी, न्हाईतर म्हशीमागं. फुडच्या वर्षाची बात न्हाई, एवढंच वर्ष. देसाई गुरुजी एकदम ताठ झाले. म्हनले, उद्यापासनं आमी येतो.

झालं. आमी वार वाटून घेतले, आज एकानं तर उद्या दुसऱ्यानं, कदी कुणाच्या मागनं कुणी. एस.टी. डोंगराच्या पायथ्यापतूर, तितनं फुडं चढ. देसाई गुरुजी मधी मधी थांबून डोंगर बगितल्यावानी करायचे, खरं म्हंजे दम लागल्याला असायचा. माझं गुडघं तर बोलूच नका. पण वर गेलं की पोरं पळत सामोरी यायची, आन् काय सांगू तुमाला, रिटायर झाल्यापासनं घरात मी नुसती सावली झाल्ते, तितं पोरांनी बाई आल्या म्हनलं की मला परत हाड-मांस आल्यागत वाटायचं. ठकू सगळ्यात बारीक, एका पायावर उभी र्‍हायची आन् दुसऱ्या पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायची. बोलायची कमी. पण पयल्याच दिवशी तिनं इचारलं, बाई, भागाकार कवा? मी म्हनलं, आधी बगू तरी तुला काय येतंय.

आता वरच्या शाळंतला फळा म्हंजे भिंतीवर काळा रंग दिल्याला चौकोन. मी त्याच्यावर गुणाकार मांडून यायचे आन् परत माझा वार आला की बगते तर फळा पुसल्याला, आन् देसाई गुरुजींच्या मोठ्या ठळक अक्षरात एक, दोन, तीन. मी पोरास्नी इचारलं, हे काय रं? तर म्हंत्यात, गुरुजी म्हनलं, हे सगळं पुसा, आता आपण पयल्यापासनं नीट शिकू. त्या नीटनं माझं काळीज चिरलं बगा. पुढच्या बारीला परत तेच, त्याच्या पुढच्या बारीला परत तेच. म्हंजे मी शिकवल्यालं नीट न्हाई, ते पुसून, झाडून, मंगच ह्यांचं शिकवणं सुरू. मला त्या मेढ्याकडच्या म्हातारीचा तांब्या आठवला. मनात म्हनलं, तिनं पाणी शिंपडलं, ह्यांनी फळा पुसला, एवढाच काय तो फरक. मी गुरुजींशी बोलणंच टाकलं. बाजारला गेले की माने गुरुजींच्या पल्याड बसायची, काय इचारलं तर व्हय न्हाईतर न्हाई. आन् गंमत अशी की देसाई गुरुजींच्या ते ध्यानातबी आलं न्हाई, ते आपले पाया पाया करतच हुते, त्याचा मला जास्त राग. पण वर जाणं मी सोडलं न्हाई. ठकूनं काय माझं वाईट केल्तं?

थंडीत एका बाजारला सरूबाई आली ती तूप खाली न ठेवताच आमच्या फुडं उभी र्‍हायली. म्हनली, उद्यापासनं कुणी येऊ नका. ठकूला म्हशीमागं लावती. देसाई गुरुजी म्हनलं, का गं बाई, काय झालं? तर ती म्हनली, आवं गुरुजी, तुमी येताय, पुसताय, पयल्यापासनं सुरू करताय. मंग हे दुसरं गुरुजी येत्यात, तुमचं पुसत्यात, पयल्यापासनं सुरू करत्यात. मंग बाई येत्यात, त्याबी तेच. माझी पोरगी रोज नव्यानं पयलीत बसती. ती पाचवीत कवा जायची?

 देसाई गुरुजींनी भाच्याकडं बगितलं, म्हनलं, तू माझं पुसत हुतास? माने गुरुजी मान खाली घालून म्हनलं, मामा, तुमी अर्थ न सांगता नुसतंच पाठ करून घेताय, मंग मला मणी मांडून परत सुरू करावं लागतंय. आन् मग तिघांनी माझ्याकडं बगितलं. मी काय सांगू, मी दोघांचंबी पुसत हुते. ह्यांचं पाठांतर मला पटायचं न्हाई आन् त्यांच्या मण्यांनी पोरं खेळतच बसत्यात असं माझं म्हणणं. आन् खरं सांगते, मी पुसती हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं न्हवतं. मी त्याला पुसणं समजतच न्हवते, मी आपली पोरांचा पाया पक्का करत हुते.

पण माझ्या पोटात हुतं ते काय र्‍हाईना. एवढे दिवस साचल्यालं. मी सगळ्यांच्या देखत बोलले. म्हनलं, गुरुजी, मला वाटलं तुमी माझ्या जातीपायी पुसताय.

दुकानातली चार माणसं वळून बगाय लागली. देसाई गुरुजींचा कप हातातच र्‍हायला. मंग त्यांनी माने गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला आन् म्हनलं, बाई, ह्याला मी मांडीवर बसवून बाराखडी शिकवली, ह्याचंबी मी पुसलं. तुमचं कसं सोडीन? आन् आवाज एकदम खाली आणून म्हनलं, पण तुमाला तसं वाटलं ह्यात तुमची चूक न्हाई. आमच्या घरात काय चालत आलंय ते मला म्हायती हाय.

एवढं बोलले बगा. मला हसू फुटलं, आन् हसता हसता डोळ्यातनं पाणी.  जात न्हवती, मास्तरकीची खोड हुती, आन् ती तर मलाबी हाय. सगळीकडं असंच असतंय असं म्हणत न्हाई मी, जातीनं केल्यालं मी लय सोसलंय, ते मला लांबनं कळतं. पण हितं ते न्हवतं. आपलं चुकलं म्हनून माणसाला कदी इतका आनंद हुतो व्हय?

मंग माने गुरुजी, जे कदी बोलत न्हाईत, ते बोलले. म्हनलं, आता फळा कुणीच पुसायचा न्हाई. जो वर जाईल त्यानं ठकूला इचारायचं, कुठवर आलंय, आन् तितनंच फुडं. मामा, तुमीसुद्धा. देसाई गुरुजींनी घुश्श्यात टोपी काढून परत घातली, पण व्हय म्हनलं. सरूबाई म्हनली, होळीपतूर बगती.

देसाई गुरुजींचे ते दिवस लय हालात गेले. संध्याकाळी डोंगर उतरून आले की ते माझ्या दाराशी थांबाय लागले, ओसरीवर बसायचे, चा प्यायचे आन् गाऱ्हाणं सांगायचे. बाई, तुमी भागाकार असा मांडलाय, मी तसा मांडला नसता, हात शिवशिवला बगा, पण पुसला न्हाई, त्याच्या खालनं सुरू केलं. मी म्हणायचे, बरं झालं, तुमचं पाठांतर मीबी सोसतीया. आन् खरं म्हंजे त्यांच्या पाठांतरावरच ठकूचा भागाकार पळाय लागला, हे मी त्यांना कदी सांगितलं न्हाई, सांगितलं असतं तर ऐकवत बसले असते.

हायस्कुलात तिला दाखवायचा दिवस आला तवा आमी तिघंबी गेलो. देसाई गुरुजी कडक इस्त्री करून. सरूबाई वट्यावर, दीर फाटकापाशी. हेडमास्तर तरुण हुते, आमाला म्हनले, तुमी बाहेर थांबा. बाहेर थांबा म्हनले! आमी खिडकीशी उभं र्‍हायलो. वाचनात ठकू धडाधड गेली. मंग फळ्यावर भागाकार घातला आन् ती थांबली. एका पायावर उभी र्‍हायली, अंगठ्यानं फरशी उकराय लागली. देसाई गुरुजींचे ओठ हलत हुते, माने गुरुजींनी डोळं मिटून घेतल्याले, आन् माझ्या हातात खिडकीचा गज, तो मी सोडंना. आन् मंग तिनं ल्ह्यायला सुरुवात केली ती शेवटाला जाऊनच थांबली. हेडमास्तर म्हनलं, घेतली.

देसाई गुरुजी तितंच पायरीवर मटकन बसले. म्हनलं, बाई, एवढी भीती मला माझ्या स्वतःच्या फायनलला वाटली न्हवती. दीर फाटकातनं आत आला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आन् गेला.

आता एक र्‍हायलं हुतं. पावसाळ्यात रोज डोंगर उतरून शाळा व्हायची न्हाई, पोरीला पाटणातच र्‍हायला पायजे. देसाई गुरुजी म्हनलं, माझं घर मोठं हाय, सुना हायत, आमच्याकडं र्‍हाईल. बरोबरच हुतं त्यांचं. माझ्याकडं ठेवा म्हणायचं जिभंवर आल्तं, पण मी गप र्‍हायले. मेढ्याला खोली मागताना जी गप बसायची सवय लागली ती काय जात न्हाई. तर सरूबाई म्हनली, न्हाई गुरुजी, पोरगी बाईंकडं र्‍हाईल. मीच तिला बाजूला घेतलं. म्हनलं, सरूबाई, इचार कर, आमी बौद्ध हाय, वर तुझी माणसं बोलतील. ती म्हनली, बाई, पोरीला म्हशीमागं लावायची हुती तवा वर कुणी रडलं न्हाई. आता मी कुणाला इचारू? चला घरी, भाकरी वाढा, सकाळपासनं पोटात काय न्हाई.

आन् ती माझ्या घरात आली, सरळ चुलीपाशी जाऊन बसली आन् जेवली. मी वाढत हुते आन् ती अजून एक भाकरी मागून घेत हुती.

आता ठकू नववीत हाय. वाड्यावर नवा मास्तर आलाय, आमचं जाणं सुटलं, पण देसाई गुरुजी अजून संध्याकाळी येत्यात, ठकूला गणित घालत्यात आन् माझ्याशी भांडत्यात. सरूबाई बाजारला आली की माझ्याकडंच उतरती, मला उठू देत न्हाई, माझ्याच चुलीवर भाकऱ्या थापती आन् वर मलाच बोलती, बाई, पीठ किती जाड दळून आणलंय, येवढं शिकून तुमाला दळण बगाय येत न्हाई व्हय. बोलू दे तिला. मी भिंतीला टेकून बसती आन् ऐकती.