हिरवं पाणी

(गास गावातली केळीची बाग. बागेतल्या जुन्या तळ्याच्या, म्हणजे बावखलाच्या पायरीवर रेजिना आणि तिचा धाकटा दीर गॉडफ्रे. उद्या गॉडफ्रेच्या मुलाचं लग्न.)

रेजिना : किती गोणी टाकल्यास तेवढं सांग.

गॉडफ्रे : दोनच. वहिनी, तूसुद्धा टाकतेस की चुना. मी स्वतः पाहिलंय.

रेजिना : मी घमेलंभर टाकते, तोही भिजवून, थंड करून. तू तर घराला सफेदी करायला निघाल्यासारखा ओतलास. चुन्यानं पाणी भाजतं, गॉडफ्रे. माशांचे कल्ले जळतात त्यात.

गॉडफ्रे : मला वाटलं, पाणी नितळ होईल. संध्याकाळी बायका वाजतगाजत इथे पाणी भरायला येणार. नवऱ्याच्या आंघोळीचं पाणी आपल्या घरात याच बावखलातून जातं. माझ्या लग्नात गेलं, दादाच्या लग्नात गेलं. आता फ्लॉईडसाठी मी काय नळाचं नेऊ? तो व्हिडिओवाला परवा बघून गेला. म्हणाला, अंकल, पानी तो एकदम हरा है. टिफनीच्या माहेरची माणसं काय म्हणतील, असल्या पाण्यानं जावयाला आंघोळ घातली?

रेजिना : हिरवं होतं म्हणून तर मासे वाढत होते. तो हिरवेपणा हेच त्यांचं खाणं. पाऊस सरल्यापासून शेण कालवून कालवून आम्ही दोघींनी ते पाणी तसं राखलं होतं.

गॉडफ्रे : दोघींनी म्हणजे, ती सावित्री.

रेजिना : हो, सावित्री. एव्हरशाईन बिल्डरकडे बिल्डिंगवर सिमेंट वाहत होती ती. माझ्या शब्दावर काम सोडून आली. मी तिला म्हटलं होतं, मासे विकून तुझंही घर चालेल, माझंही चालेल, आणि तुझ्या नातवंडांच्या ताटातही काहीतरी पडेल. धाकट्या नातीचं वजन अंगणवाडीच्या काट्यावर पुढे सरकतच नाही. आता मी तिला काय तोंड दाखवू?

गॉडफ्रे : पुन्हा सोड पिल्लं. मी आणून देतो ना.

रेजिना : कशात सोडू? हे पाणी निवळेपर्यंत उन्हाळा येईल, बावखल तळाला जाईल. आता पुढच्या पावसापर्यंत काही नाही. आणि एक सांग. काल दुपारी मला चर्चमध्ये कुणी पाठवलं?

गॉडफ्रे : गायनमंडळाला निरोप द्यायचा होता.

रेजिना : निरोप त्यांना आधीच फोनवर मिळाला होता. त्यांच्यातली प्रिस्का हसली मला, म्हणाली, लग्नाच्या गडबडीत तुझा दीर विसरलेला दिसतो. मीही हसले. मला विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं?

गॉडफ्रे : तू नाही म्हणाली असतीस.

रेजिना : म्हणजे तुला माहीत होतं.

गॉडफ्रे : एवढे मरतील हे नव्हतं माहीत. थोडेफार जातील असं वाटलं. वहिनी, मला एकच मुलगा. तू असं तोंड करून बसलीस तर संध्याकाळी चार लोक विचारतील. डोकं दुखतंय म्हणून सांग हवं तर.

रेजिना : मेलेले कुठे आहेत? सकाळी आले तर पाण्यावर एकही नव्हता.

गॉडफ्रे : पहाटेच जाळं लावून काढले. वाया नाही घालवले. टेम्पोत भरले आणि पाड्यावर घरोघर वाटून आलो, लग्नाचं दान म्हणून. लोक किती खूश झाले, तुला काय सांगू.

रेजिना : तुझ्या घरी शिजवलेस?

गॉडफ्रे : गोड्या पाण्यातले? आपल्यात कोण खातं ते.

रेजिना : कुठल्या पाड्यावर वाटलेस?

गॉडफ्रे : जवळचा तोच ना. सावित्रीचा.

रेजिना : कुठले मासे ते तिला सांगितलंस?

गॉडफ्रे : लग्नघरचा माणूस असलं काही सांगतो का? तुझा फोन वाजतोय बघ. तिचाच असेल. वहिनी, हात जोडतो, उद्यापर्यंत काही बोलू नकोस.

रेजिना : बाजूला हो. हां, सावित्री, बोल.

सावित्री : रेजिनाबाय, आज पोरं पोटभर जेवली गं. धाकटीनं दुसऱ्यांदा मागून घेतलं. कधी मागत नाय ती. तुझा दीर लय मोठ्या मनाचा मानूस. सोता दारोदार फिरला.

रेजिना : सावित्री, जरा ऐक माझं.

सावित्री : आधी माझं ऐक. रोहूच होतं, आपल्यावानी, पन बारीक. ज्यानं काढलं त्यानं घाई केली बघ. मी पोरांना सांगितलं, आपलं होळीला निघतील, ते कसं भरलेलं असतील. आनि मुकादम येऊन गेला आत्ताच. मानसं कमी पडल्यात, परत कामावर चल म्हनत होता. मी त्याला कायमचं नाय म्हनून सांगितलं.