ईशूच्या बाटलीतलं पाणी

जर्मनीतल्या त्या छोट्या गावात डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या संध्याच्या कानावर मराठी पडलं आणि हातातल्या मासिकाचं पान उलटायचं राहून गेलं. मागच्या खुर्च्यांवर सासू-सून होत्या. सुनेच्या मांडीवर बाळ.

“आई, पावसाने धरणात घाण वाहून आली. लॅबमध्ये मीच तपासलेल्या पाण्यात जंतू निघाले. आता सगळ्यांना पाणी उकळायला सांगितलंय.”

“बरं.”

“आणि तुम्ही उकळत होतात, तर मीच भांडले! इथलं नळाचं पाणी शुद्ध असतं म्हणून. ईशू आठवडाभर तेच प्यायली.”

“नाही प्यायली.”

“म्हणजे?”

“तू कामावर गेलीस की उकळायचे. तिची बाटली भरायचे, तुझा तांब्याही. रडू नकोस गं.”

“आल्झो... म्हणजे, चोरून?”

“मग काय, शास्त्रज्ञ सुनेशी वाद घालू?”

“आणि तुम्ही काय प्यायलात?”

“नळाचं. तुझ्यासमोरच प्यायचे, म्हणजे तुला संशय नको.”

“अहो आई! म्हणून कालपासून जेवत नाही आहात?”

“जरासं मुरडतंय पोटात. तू आधी ईशूला दाखव.”

तेवढ्यात संध्याचं नाव पुकारलं गेलं. ती उठली आणि मागे वळली.

“काकू, माझ्या नंबरावर तुम्ही जा.”