बोटांची सवय

साकीनाक्याच्या बसच्या रांगेत रत्नप्रभाबाईंच्या पुढे दोघी मैत्रिणी उभ्या होत्या. एकीचे डोळे रडून लाल झालेले. बाईंनी कान टवकारले नाहीत, असं म्हणणं खोटं ठरेल.

"नीला, अगं झालं तरी काय?"

"ऑफिसात कॉम्प्युटर बदलला ना. सिस्टिम पण नवीन."

"मग?"

"रोज सकाळी चपला काढून कॉम्प्युटरच्या खोलीत जायचं, जुन्यात फ्लॉपी घालायची, फॉरमॅट मारायचं. फ्लॉपी पुसून तयार. नव्यावर पण बोटांनी तेच केलं. मेल्याने फ्लॉपी सोडली आणि स्वतःच्या पोटात होतं नव्हतं ते सगळं पुसलं!"

"आधी विचारलं नाही त्याने?"

"विचारलं ना. जुना पण विचारायचा. न वाचताच हो म्हणायची सवय."

"वाट लागली गं!"

"आठवडाभर आम्ही सगळ्या जणींनी बसून परत भरलं. काल पुरं झालं. साहेब एका शब्दाने बोलले नाहीत."

"मग आज कशाला रडतेस?"

"आज शांतपणे बोलावलं. म्हणाले, नीला, त्या दिवशी नेमकं काय केलंस, जरा करून दाखव."

"आणि?"

बस आली. रांग सरकली. त्या दोघी हलल्या नाहीत, बाईही नाहीत.

"दाखवलं."